तात्यांच्या गाडीचा पिवळा दिवा

माझे इंदापूरचे घरमालक माणसांशी तुटक बोलत आणि गाडीशी सविस्तर. सकाळी कॉलेजला जायला मी जिना उतरले की ते अंगणात बॉनेटवर तळहात ठेवून उभे असत, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. "काय झालं, तात्या?" असं विचारायची सोय नव्हती. विचारलं की माझा पहिला तास बुडालाच म्हणून समजायचं.

सगळी आळी त्यांना तात्या म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. नोकरी साखर कारखान्यात, शेतकी विभागात. कुणाच्या उसाला तोड कधी द्यायची हे त्यांच्या हातात असायचं, त्यामुळे एके काळी दारात चपलांचा ढीग पडायचा, असं त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी मला सांगितलं होतं. उसाचा उतारा, म्हणजे त्यातून साखर किती निघेल ते, बघायला कारखान्यात मशीन होतं. तात्या मात्र फडात उभं राहून कांडं मोडत, चावत आणि चोथा थुंकून निकाल देत. मशीन खोटं बोलंल, जीभ बोलत न्हाय, असं त्यांचं म्हणणं. मग निवृत्त झाले आणि दारातल्या चपला आठवड्याभरात नाहीशा झाल्या. मूलबाळ नव्हतं. उरल्या त्या काकू, एक पांढरी डिझेल गाडी आणि वरच्या खोल्यांत भाड्याने राहणारी मी.

त्यांच्या खिडकीत काचेच्या लहान बाटल्या ओळीने मांडलेल्या असत. मला वाटायचं, काकूंच्या गुडघ्यांसाठी तेलं असतील. ते निघालं डिझेल. ज्या पंपावर गाडी भरायची तिथून बाटलीभर वेगळं घ्यायचं, घरी आणून उन्हात ठेवायचं आणि तळाला पाणी बसतंय का ते बघायचं. पाणी कधीच बसलं नाही, पण तात्यांचा संशयही कधी बसला नाही. टायरमधली हवा ते काठीने ठोकून आवाजावरून ओळखत. आणि गाडी सुरू केली की निघायचं नाही, हा तर त्यांचा मुख्य नियम. चांगला चहा होऊन, पिऊन होईपर्यंत ती अंगणात घुरघुरत उभी. माझ्या खोलीत धूर यायचा. मी एकदा तक्रार केली तर म्हणाले, "डिझेल हाय, बाई. म्हातारीगत उठतंय. आधी उठू द्यावं, मग कामाला लावावं."

कॉलेजात शिकवते म्हणून मी 'बाई'. काकूंसाठी मी 'पोरी'.

काकूंची मूत्रपिंडं निकामी झाली आणि बारामतीला डायलिसिस सुरू झालं, त्याच उन्हाळ्यात गाडीतला तो चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. आठवड्यातून दोनदा जावं लागे. माझे आईवडील बारामतीत, म्हणून शनिवारी मीही मागच्या सीटवर. तात्या निमगाव केतकीवरून आतल्या रस्त्याने जात, आणि काकूंना हिसका बसू नये म्हणून इतके हळू, की एकदा दुधाच्या किटल्या लावलेला सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला आणि जाताना काळजीने आत डोकावला. दवाखान्यात काकूंना सोडलं की गाडी कडुनिंबाखाली लावायची, इंजिन चालू, एसी चालू. डायलिसिस करून आलेल्या बाईला घाम फुटतो, जीव घाबरा होतो, हे खरंच होतं. "ती भाईर आली की तिला गार पायजे," एवढंच ते म्हणत. पण त्यासाठी सुरुवातीपासूनच इंजिन चालू ठेवायची काय गरज, हे मला कळत नसे. वॉचमनलाही कळत नसे. दोघांची दर खेपेला बाचाबाची व्हायची.

दिवा लागला तेव्हा तात्या खरोखर हबकले. तो काही भडक दिवा नव्हता. इंजिनाचं छोटं चित्र, पिवळं, मीटरच्या कोपऱ्यात. गाडी तशी चालत होती. पण तात्यांची नजर रस्त्यावरून निघून तिथे जाऊन बसली. काकू म्हणायच्या, "अवो, समोर बघा. त्यो काय पळून जात न्हाय."

मग ज्याला त्याला विचारणं सुरू झालं. इंदापूरच्या स्टँडमागचा फिटर स्टिअरिंगखाली एक लहानसं यंत्र खोचायचा, मोबाइलवर काही आकडे बघायचा आणि बोटाने दिवा घालवायचा. आठ-दहा दिवसांनी दिवा परत हजर. कुणी म्हणालं सेन्सर, कुणी म्हणालं वायरिंग, कुणी म्हणालं उंदीर. उंदरासाठी तात्यांनी बॉनेटमध्ये डांबराच्या गोळ्या ठेवल्या. महिनाभर आम्ही ट्रंकेतल्या साड्यांसारखे वास मारत बारामतीला जात होतो. एका भाच्याने कुणाकडून तरी दिवाच कायमचा बंद करून द्यायची तयारी दाखवली. त्यावर तात्या असे भडकले की त्याला चहा न पिता जावं लागलं. "दिवा का लागलाय ते शोधायचं, का दिव्याचा गळा दाबायचा?" हे त्यांचं वाक्य मला मनापासून पटलं होतं. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

पुढचं म्हणजे असं. दिव्याचं कारण शोधायला हा माणूस भिगवणपर्यंत जाऊन आला, फोनवर अनोळखी लोकांशी तास तास बोलला, पण डायलिसिसच्या डॉक्टरीणबाई वॉर्डातून बाहेर आल्या की हे जागेवर नसत. पांढरा कोट दिसला रे दिसला की "गाडी उन्हात हाय, बघून येतो" म्हणून पसार. कडुनिंबाखाली ऊन नसायचंच. काकूंना कसं वाटतंय, रिपोर्ट काय म्हणतोय, पुढे काय, यातला एक प्रश्नही त्यांनी कधी विचारला नाही. फाइल काकूंच्या पिशवीत, गोळ्या काकूंच्या पिशवीत. दिवसाला किती पाणी प्यायचं तेसुद्धा काकूच बघत आणि तहान फारच लागली की बर्फाचा खडा तोंडात धरत. मला तात्यांचा राग यायचा. एकदा गाडीत मी मुद्दाम विषय काढला, तर ते म्हणाले, "ऐका, ऐका, हा आवाज. आला का?" काही आवाज येत नव्हता.

"माझं समदं रगात काढून, धुऊन परत घालत्यात," काकू मला म्हणाल्या होत्या, "तरी ह्यांचं ध्यान गाडीच्या बॉनेटात." म्हणाल्या मात्र हसत. काकूंना हसायला कारण कमी लागे.

पावसाळा संपता संपता एका शनिवारी डॉक्टरीणबाईंनी काकूंना आणि मला थांबवून घेतलं. नात्याची नसले तरी मी नेहमीची झाले होते. हृदय दमलंय, डायलिसिस आता झेपत नाही, पुढे फार दिवस धरू नका, असं त्यांनी हळू पण स्पष्ट सांगितलं. काकूंनी पदराने ओठ पुसले. मग त्या म्हणाल्या, "ह्यांना आपनहून कुणी सांगायचं न्हाय. त्यांनी इचारलं तर सांगा. इचारलं तर खोटं बोलू नगा. पर इचारल्याबिगर न्हाय." डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. मीही हलवली, पण माझ्या मनात होतं की हा माणूस विचारणारच नाही. काकू जातील आणि हा दिव्याकडे बघत बसेल.

काकू संक्रांतीच्या आत गेल्या, हे आत्ताच सांगून टाकते. मनात धरून पुढचं लिहिता येत नाही.

तर दिवा. दसऱ्याच्या सुमारास त्याच्या जोडीला आणखी एक दिवा लागला आणि गाडी मध्येच जोर सोडू लागली. चढावर तर पायी चालणाऱ्याच्या बेताने. आता मात्र काकूंना वेळेवर पोचवायचीच पंचाईत होती. बारामतीच्या मोठ्या वर्कशॉपात एक सुपरवायझर होता, कडक इस्त्रीचा, बोलायला तिरसट. त्याने याआधी एकदा धुराच्या नळीतली गाळणी मशीन लावून साफ करून दिली होती. दिवा परत आलेला बघून त्याला स्वतःचाच अपमान झाल्यासारखं वाटलं. तात्या, काकू आणि मी त्याच्या मागे उभे होतो. त्याने बॉनेट उघडलं, बराच वेळ वाकून बघितलं आणि पुढच्या जाळीतून चिमटीने काहीतरी ओढून काढलं.

"हे गोणपाटाचे धागे कसले?"

तात्यांनी सहज सांगितलं, "पोतं टाकतो न्हवं. ओलं."

"कशावर?"

"बॉनेटवर. म्होरं जाळीवर. तापली की."

सुपरवायझरने हात पुसले आणि एकेक प्रश्न विचारायला घेतला. गाडी कधी तापते, कशावरून कळतं, मग काय करता. तात्या खुशीत आले. इतक्या आस्थेने त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं. कधी कधी चालता चालता इंजिनाचा आवाज बदलतो, पंखा जोरात सुटतो, जळकट वास येतो. लगेच गाडी बाजूला घ्यायची, बंद करायची, बॉनेट उघडून ओलं पोतं टाकायचं आणि निवू द्यायची. कारखान्याच्या जीपला आयुष्यभर हेच केलं. डिकीत पोतं आणि पाण्याचा कॅन कायम.

"काका, ती तापत नव्हती," सुपरवायझर म्हणाला. "ती स्वतःला साफ करत होती."

मग त्याने जे सांगितलं ते मला कळलं ते असं. त्याने मागे साफ केलेली ती गाळणी नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत असते. काजळी तीत साठते. गाडी रस्त्यावर जरा वेगाने, न थांबता पळाली की इंजिन स्वतःच आच वाढवून ती काजळी जाळून टाकतं. तो आवाज, तो पंखा, तो वास त्याचाच. तात्या दर वेळी ते काम अर्ध्यात तोडत होते. वर तासन् तास जागेवर इंजिन चालू, त्यात काजळी दुप्पट. वर बैलगाडीचा वेग. "दिवा गाडीने नाही लावला, तुम्ही लावला," असं तो म्हणाला. हे म्हणायची गरज नव्हती. "मशीनवर मी आता थोडी मोकळी करून देतो, दुसरा दिवा तेवढ्याने जाईल. पण हायवेला एकदा चांगली पळवा. मध्ये थांबायचं नाही, कितीही आवाज येऊ दे. पिवळा दिवाही जाईल. नाही पळवली, तर गाळणी गेली."

तात्यांचा चेहरा पडला होता. काकू मात्र पुढे झाल्या. "म्हंजी हिचीबी गाळणीच चोंदली म्हना की," त्या म्हणाल्या आणि हसल्या. सुपरवायझरला कळलं नाही. मला कळलं आणि मी दुसरीकडे बघितलं.

परतताना तात्यांनी एवढंच ऐकवलं, "काल जन्माला आल्यालं पोरगं. मला डिझेल शिकवतंय." आणि त्याच वेगाने, आतल्याच रस्त्याने घरी. पुढचे काही दिवस त्यांनी पोतं वापरलं नाही, पण गाडी पळवलीही नाही. कारण सरळ होतं. पळवायची तर काकूंना घेऊन कशी पळवायची? आणि काकूंना घरी एकटं टाकून नुसती गाडी पळवायला जायचं, हे त्यांच्याने होईना. मी म्हटलं, मी बसते काकूंपाशी. तर म्हणाले, "बघू." त्यांचं 'बघू' म्हणजे नाही.

दिवाळीच्या सुट्टीत, मधल्याच वारी, काकूंनी मला खालून हाक मारली. "पोरी, आज तूबी चल बारामतीला. मला एकटीला ह्यांच्याशी हुज्जत घालवंना." कसली हुज्जत ते गाडी गावाबाहेर आल्यावर समजलं.

"हायवेनं घ्या," काकू म्हणाल्या.

"भिगवणवरनं लांब पडतंय."

"पडू द्या. मला धरणाचं पाणी बघायचंय."

आम्ही सोलापूर रस्त्याला लागलो आणि तिथेही तेच, डाव्या कडेने, रांगत. गाळप सुरू झालेलं. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा एक ट्रॅक्टर मोठ्याने गाणी वाजवत आम्हाला मागे टाकून गेला.

"अवो, ऊस फुडं गेला की," काकू म्हणाल्या. "पळवा."

"तुला झेपायचं न्हाय."

"मला काय झेपतंय ते मी सांगते. पळवा म्हनते ना."

तात्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? मी म्हटलं, "पळवा, तात्या." आणि त्यांनी पाय दाबला. ट्रॅक्टर मागे गेला, एक एसटी मागे गेली. काकूंनी खिडकीवरची कडी धरली. थोड्या वेळाने आवाज बदलला, घोगरा झाला, आणि तो वास आला. तात्यांचा हात लगेच इंडिकेटरकडे गेला.

"थांबायचं न्हाय," काकू म्हणाल्या.

"अगं, तापलीय ती."

"तापू द्या. जळू द्या काय जळायचं त्ये."

काकूंचे ओठ पांढरे पडले होते. रस्त्याच्या उजव्या बाजूला धरणाचं पाणी दिसायला लागलं, पण त्यांचे डोळे मिटलेले होते. मला भीती वाटत होती, आणि ती गाडीची नव्हती. तात्या दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून पुढे वाकले होते आणि पुटपुटत होते, "झालं, झालं, आलंच." गाडीला म्हणत होते की काकूंना, ते सांगता येणार नाही. भिगवणच्या अलीकडे आवाज हळूहळू खाली आला. तात्यांनी डावीकडे बारामतीचं वळण घेतलं. पिवळा दिवा तसाच होता.

काकूंना आत नेऊन मशीन लावलं. मी शेजारी बसले. त्या इतक्या दमल्या होत्या की सिस्टरने दोनदा रक्तदाब बघितला. मधे मी खिडकीतून खाली पाहिलं, तर तात्या गाडी बंद करत होते, चालू करत होते, परत बंद करत होते. मला आता त्यांचा रागही येत नव्हता. नुसतं वाईट वाटत होतं.

आणि मग ते पळत वर आले. चपला न काढता, थेट वॉर्डात. "ग्येला! दिवा ग्येला!" इतका मोठा आवाज त्या खोलीने ऐकला नसेल. बाकीचे पेशंट बघायला लागले. डॉक्टरीणबाई काकूंच्याच खाटेपाशी होत्या, आणि पहिल्यांदाच तात्या त्यांना बघून पळाले नाहीत. आनंदात त्यांचं भानच सुटलं होतं. "डाक्टरीनबाई, गाडीचा दिवा ग्येला बघा. समदे हरले, कुनाला घालवता आला न्हाय. हिनं सांगितलं आन् ग्येला." डॉक्टरीणबाई हसल्या. तात्याही हसले. आणि त्याच दमात म्हणाले, "आता हिचं सांगा. हिचं कधी नीट हुतंय?"

डॉक्टरीणबाईंनी काकूंकडे बघितलं. काकूंनी डोळे मिटून मानेनेच होकार दिला.

डॉक्टरीणबाईंनी तात्यांना खिडकीशी नेलं. मला तात्यांची पाठ तेवढी दिसत होती. बाई बोलत होत्या, ते ऐकत होते. शेवटी एवढंच ऐकू आलं, "तिला ठावं हाय?"

"हो."

ते परत आले, काकूंच्या पायाशी स्टुलावर बसले आणि मशीन थांबेपर्यंत तिथून उठले नाहीत. गाडी खाली उन्हात की सावलीत, हेही त्यांनी बघितलं नाही. काकू म्हणाल्या, "चपला तरी काढा की." त्यांनी काढल्या आणि स्टुलाखाली सारल्या. मी उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले.

निघालो तेव्हा गाडी भट्टीसारखी तापलेली होती. काकू म्हणाल्या, "आज गार न्हाय केली व्हय?" तात्यांनी चारही काचा खाली घेतल्या. बारामतीतून बाहेर पडताना त्यांनी आपणहून भिगवणची वाट धरली. मला वाटलं, काकूंनी सकाळी पाणी बघितलं नाही ते त्यांच्या लक्षात असावं. हायवे आला. रस्ता मोकळा होता. तात्या डाव्या कडेला गेले आणि गाडी रांगायला लागली, सकाळच्यापेक्षाही हळू. पाणी आता डाव्या बाजूला, काकूंच्याच खिडकीत होतं. मासे धरणाऱ्यांच्या होड्या काठाला लागत होत्या. मागून ट्रकवाले हॉर्न देत होते आणि ओलांडताना काहीबाही बोलत होते.

काकूंनी पाणी बघितलं, पुष्कळ वेळ. मग तात्यांकडे वळल्या.

"पळवा की आता. कशाचं भ्या हाय?"

"नगं."

"दिवा लागंल परत."

"लागू दे," तात्या म्हणाले.